नवी कॉम्पोझिट सॉफ्टबॉल बॅट: नॉक करायची, तेल लावायचं की नुसतं खेळायचं?

सातारकर_ओहायोत

मंडळी, क्रिकेटच्या बॅटवर इथे पोत्याने धागे आहेत. सॉफ्टबॉलच्या बॅटवर एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतोय.

आम्ही कोलंबसजवळ राहतो. मुलगी १३ वर्षांची, १४ वर्षांखालच्या संघात फास्टपिच, म्हणजे वेगवान बॉल टाकतात तो, सॉफ्टबॉल खेळते. आजवर ॲल्युमिनियमच्या बॅटीवर निभावलं. यंदा हट्ट करून कॉम्पोझिट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांची, घ्यायला लावली. ३२ इंच, उणे १०, म्हणजे लांबीच्या आकड्यातून १० वजा केले की वजन, २२ औंस. आपल्या हिशोबात सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. हातात घेतली तर लाटणं उचलल्यासारखी वाटते आणि किंमत साडेतीनशे डॉलर!

आता माझी अडचण. माझी पहिली सीझनची बॅट काकांनी मेरठहून आणली होती. दहावीची परीक्षा संपलेली, मे महिना, साताऱ्यात घरामागच्या पडवीत बसून रोज कच्चं जवसाचं तेल चोळायचं, रात्रभर आडवी ठेवायची, सकाळी जुना बॉल मोज्यात बांधून ठोकत बसायचं, म्हणजेच नॉक करायचं. कडा वेगळ्या, खालचं टोक वेगळं. शेजारच्या काकू दुपारी ओरडायच्या, "अरे बॅट करतोयस का पाटा टाकवतोयस?" तीन आठवडे काढले होते. त्यामुळे नवी बॅट दिसली की हात शिवशिवतात. लाकडी मोगरी अजून आहे माझ्याकडे. बायको म्हणते भारतातून लोक कुकर आणतात, यांनी मोगरी आणली.

मुलीने बजावलंय, "बाबा, तू हात लावायचा नाहीस." बॅटीबरोबरच्या कागदावर लिहिलंय की निदान २०० फटके मारून मग सामन्यात न्या, थंडीत वापरू नका आणि बॅटिंग केजमधले (सरावाच्या जाळीतले) खळगे-खळगे असलेले पिवळे बॉल वापरू नका. आता इथे फेब्रुवारी. बाहेर २ अंश. आत केजमध्ये जावं तर बॉल फेकणाऱ्या मशीनला तेच खळगेवाले बॉल. मग मारायचं कुठे? कपाळावर?

त्यात संघातल्या एका मुलीचे वडील म्हणाले, त्यांच्या ओळखीचा एक माणूस आहे, ४० डॉलर घेतो आणि दोन रोलरमध्ये बॅट फिरवून दहा मिनिटांत तयार करून देतो. "सगळेच करतात," म्हणाले. मार्चअखेर पहिली स्पर्धा आहे. मोह होतोय. जाणकारांनी सांगा.

---

पेठेतला_ओपनर

तेल लावा, पण बॅटीला नको, स्वतःच्या डोक्याला. साडेतीनशे डॉलर गेलेत, थंडावा लागेल.

खरं सांगायचं तर आम्ही क्रिकेटवाल्यांनी या विषयात तोंड उघडू नये. १९७९ साली पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, इंग्लंडचा कर्णधार ब्रेअर्लीने बॉल खराब होतो म्हणून तक्रार केली, लिलीने ती बॅट भिरकावून दिली, आणि पुढे नियमातच आलं की बॅटीचं पातं लाकडाचंच हवं. तेव्हापासून आपण विलो आणि जवस यांच्या बाहेर गेलेलो नाही. कार्बनला तेल पाजून ते पिणार कुठून? वरून निसरडी होईल आणि मुलीच्या हातून सुटून पंचाला लागेल.

रोलरचं मात्र मला माहीत नाही. वाचतोय.

---

कॅचर_जळगाव

सातारकर दादा, आधी ती मोगरी माळ्यावर टाका, मग पुढचं वाचा.

मी मूळची जळगावची. शाळेपासून विद्यापीठापर्यंत सॉफ्टबॉल खेळले, कायम कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक. आता डॅलसजवळ असते आणि १२ वर्षांखालच्या मुलींचा संघ सांभाळते. धाकटी त्यातच पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आहे. आमच्या वेळी अख्ख्या संघात मिळून ॲल्युमिनियमच्या दोन बॅटी. एकीची ग्रिप कधीच गेलेली, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. एप्रिलच्या उन्हात दहा मिनिटं पडून राहिली की उचलवत नसे. "बॅट तयार करायची" असं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, कारण ॲल्युमिनियमला ते लागतच नाही. ती पहिल्या दिवशी लागते तशीच लागते, पुढे पोचे पडत जातात एवढंच.

कॉम्पोझिटचं तसं नाही. कार्बनच्या धाग्यांचे थरावर थर, मध्ये राळ. नवी असते तेव्हा बॅरल, म्हणजे पुढचा जाड भाग, कडक असतो. मारत गेलं की तो हळूहळू मोकळा होतो आणि बॉल आदळला की जरासा आत दबून परत उसळतो. आता तुमच्या पडवीतल्या बॅटीशी ताडून बघा. विलोला आपण ठोकतो ते वरचं लाकूड दाबून घट्ट व्हावं, पहिल्याच सीझन बॉलला चिरू नये म्हणून. म्हणजे तिथे मऊ असतं ते कडक करायचं, इथे कडक असतं ते सैल करायचं. काम अगदी उलटं. मोगरीने एकाच जागी, बॉलपेक्षा छोट्या गोलात मार बसतो आणि तिथेच आतले थर सुटतात. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस सामन्यात बॅट खुळखुळ्यासारखी वाजायला लागते.

खुळखुळ्याचा अनुभव घरचाच आहे. थोरलीची पहिली कॉम्पोझिट आणली तेव्हा मी इतकी हुशार की थेट केजमध्ये नेली, मशीन लावलं आणि खळगेवाल्या बॉलवर पाऊण तास झोडायला लावलं. वाटलं, एका दिवसात काम फत्ते. ते बॉल चामड्याच्या बॉलपेक्षा कितीतरी कडक असतात, दबतच नाहीत, सगळा मार बॅटीने खायचा. तीन आठवड्यांत बॅरलवर तडा. वॉरंटीवाल्यांनी फोटो बघूनच विचारलं, कुठले बॉल वापरलेत? काय सांगणार!

आता तुम्ही करायचं ते असं. केजवाल्याला फोन करून मशीन नसलेली लेन मागा. नुसती जाळीची लेन अर्ध्या-अर्ध्या तासाने भाड्याने मिळते. बॉल आपले घेऊन जा, डझनभर तरी. १२ इंची, चामड्याचे, सामन्यात वापरतात तसलेच. बॉलवर .४७ आणि ३७५ हे आकडे छापलेले बघून घ्या. एक उसळीचा, दुसरा कडकपणाचा. जुने चालतील, पण गेल्या मोसमात पावसात भिजलेले नकोत, ते आतून जड होऊन बसतात. तुम्ही एल आकाराच्या जाळीमागे बसा आणि पंधरा-वीस फुटांवरून खालून, अगदी हळू बॉल टाका. वरून हात फिरवायचा नाही. तुमच्यातला साताऱ्याचा मध्यमगती गोलंदाज तेवढ्यापुरता घरी ठेवा.

बॅटीच्या मुठीकडच्या टोकाला गाठ असते ना, नॉब, त्यावर नेलपॉलिशचे चार ठिपके द्या. घड्याळाच्या १२, ३, ६, ९ वर. प्रत्येक फटक्यानंतर पाव वेढा फिरवायची. एकही फटका न चुकता. मुलींना याचाच कंटाळा येतो आणि याच्यातच सगळं आहे, कारण बॅरल गोल आहे, ती चहूकडून सारखी मोकळी व्हायला हवी. भाकरी फिरवली नाही तर करपते हे राजकारणापेक्षा बॅटीला जास्त लागू पडतं. आमच्याकडे मी दर फटक्याला ठिपक्याचा रंग ओरडते आणि ती तो रंग वर आणते. चार रंगांची नेलपॉलिश घरात होतीच, मुलींच्या घरात असते.

पहिले ५० फटके अर्ध्या जोराने. खरंच अर्ध्या. पुढचे १०० पाऊण जोराने. शेवटचे ५० पूर्ण ताकदीने. हे एका बैठकीत उरकू नका, चार-पाच दिवसांत वाटा. हात दमले की स्विंग बिघडतो आणि बॉल मुठीजवळ किंवा अगदी टोकाच्या टोपणावर लागायला लागतो. त्या दोन्ही जागा टाळायच्या. टोकापासून चार-सहा इंच आत जो पट्टा आहे, तिथे मारायचं.

थंडीचं लिहिलंय ते गंभीरपणे घ्या. साधारण ६० फॅरनहाइटच्या, म्हणजे १५-१६ अंशांच्या खाली कॉम्पोझिट मारायची नाही. बॅट ठिसूळ होते आणि बॉलही दगडासारखा होतो, दोन्हीकडून मार. रात्री गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, गॅरेजमध्येही नाही. आमची बॅट हॉलमध्ये सोफ्यामागे झोपते. मार्चमध्ये तुमच्याकडे सामना थंडीत असला तर तिला जुनी ॲल्युमिनियमचीच द्या. म्हणून ती विकू नका.

आणि तुम्ही स्वतः मारू नका. १३ वर्षांच्या मुलीच्या जोराला बॅट जितकी सैल व्हायला हवी तितकी ती तिच्याच हाताने होऊ द्या. मोठ्या माणसाचा जोर वेगळा. बॅटीचे फटके मोजके असतात असं समजा. ज्या मारामुळे ती चांगली होते त्याच मारामुळे ती पुढे फुटते. तुम्ही मारलात तर तिच्या वाटणीतले मारलेत.

आता रोलर. याच्यावर मला राग येतो, तेव्हा जरा फटकळ वाटेल. रोलरमधून काढलेली बॅट म्हणजे फेरफार केलेली बॅट. यूएसए सॉफ्टबॉल या इथल्या संघटनेच्या नियमात अशी बॅट घेऊन खेळणारी बाद होते आणि सामन्यातून बाहेरही जाते. बॅटीवर प्रमाणपत्राचा जो शिक्का आहे तो कारखान्यातून निघालेल्या बॅटीचा आहे, कोणाच्या गॅरेजमधून निघालेल्या बॅटीचा नाही. काही जण तर टोकाचं टोपण काढून आतून भिंत तासून पातळ करतात. "सगळेच करतात" म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना विचारा, तुमची मुलगी कुठे उभी राहते? तुमच्या गटात पिचर प्लेटपासून, म्हणजे बॅटिंग करणारी उभी असते तिथून, ४३ फुटांवर असते आणि बॉल टाकून पुढे आलेली असते, म्हणजे त्याहून जवळ. समोरून बॉल परत येतो तेव्हा ग्लोव्ह वर नेण्याइतकाही वेळ नसतो. माझ्या धाकटीच्या नडगीवर गेल्या जूनमध्ये बसलेला बॉल, त्याची शिलाई मोजता येत होती. लाल टाके, एकेक, निळ्या डागावर उमटलेले. ती बॅट नियमातलीच होती.

४० डॉलरमध्ये वीस बॉल टाकायला एक पोरगा मिळेल. किंवा स्वतः टाका. फेब्रुवारीत दुसरं काय करणार आहात तिथे?

---

राळ_आणि_धागे

ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी नाशिकला कॉम्पोझिटच्याच कामात आहे (बॅटी नव्हे, टाक्या आणि पाइप), म्हणून आत काय होतं एवढंच सांगतो.

धागे शाबूत राहतात, राळेला केसाहून बारीक चिरा पडतात. पाचशे ठिकाणी पाचशे बारीक चिरा पडल्या तर अख्खी नळी थोडी लवचिक होते. एकाच ठिकाणी एक मोठी चीर गेली तर नळी गेली. फिरवत मारण्याचं कारण हेच. लवचिक नळीवर बॉल कमी चेपतो. बॉल चेपला की त्याची ताकद आतल्या आत वाया जाते, बॅट चेपली की ती ताकद बरीचशी परत मिळते. तिकडचे लोक ट्रॅम्पोलिन म्हणतात ते हेच.

एक पुस्ती: सगळ्या कॉम्पोझिट सारख्या नसतात. काही कंपन्या आता पाकिटातून काढल्या-काढल्या तयार म्हणून विकतात. तुमच्या कागदावर २०० लिहिलंय तर २०० धरा, दुसऱ्याच्या बॅटीचा आकडा घेऊ नका.

---

जर्सीचा_बाळू

मी ऑफिसच्या स्लोपिच (बॉल हळू टाकतात तो प्रकार) लीगमध्ये खेळतो, वय ४४, पोट त्याहून जास्त. आमचा बॉल वेगळा, .५२ आणि ३०० वाला, मऊ, त्यामुळे आमच्या बॅटींना जास्त फटके लागतात, आमच्यात लोक चारशे-पाचशे सांगतात.

आता कबुलीजबाब. मी रोल करून घेतली होती. कॅचरताई, ओरडू नका, आधीच ओरडा खाल्लाय. पहिले दोन रविवार मी म्हणजे राजा होतो. कुंपणाला लागायचा बॉल कुंपणापलीकडे जायला लागला, डब्यात पुरणपोळी आणल्यासारखा मान मिळाला. तिसऱ्या रविवारी साध्या ग्राउंडरवर, म्हणजे जमिनीवरून जाणाऱ्या फटक्यावर, 'खच्' असा आवाज आला आणि बॅरलला गोल चीर. वॉरंटीला पाठवली. त्यांनी बॅट उघडून बघितली असावी. उत्तर दोन ओळींचं: दाबाच्या खुणा आढळल्या, दावा नामंजूर. बॅटही परत आली नाही. रोल करणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मी कुठे लिहून दिलं होतं?"

तेव्हा दादा, ४० अधिक ३५० असा हिशोब करा.

---

सातारकर_ओहायोत

सर्वांचे आभार, विशेषतः ताईंचे. पाच आठवड्यांनी परत आलोय, अहवाल देतो.

मोगरी माळ्यावर गेली (इथे माळा नाही, बेसमेंट). मशीनविना लेन मिळाली, दर रविवारी सकाळी ८ वाजता, कारण त्या वेळेला दुसरं कोणी येत नाही. चामड्याचे बारा बॉल घेतले. नेलपॉलिश मुलीनेच लावलं: लाल, निळा, जांभळा आणि एक चमचमता, ज्याला तिने स्वतःच काहीतरी नाव दिलंय. मोजणी मी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर केली, पाच-पाचच्या रेघा मारून, दूधवाला मारायचा तशा.

पहिल्या रविवारी ४० झाले आणि ती म्हणाली, "ही बॅट बिघडलेली आहे." आवाज खरोखर मेल्यासारखा होता. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. हाताला झिणझिण्याही येत होत्या. दुसऱ्या रविवारीही तेच. मी मनातून घाबरलो, तिला सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारी १४३ व्या फटक्याला भांडण, तिने फिरवली नाही असं मी म्हणत होतो, ती म्हणत होती फिरवली. दोन मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही. मग १६० च्या आसपास एकदम आवाज बदलला. हळूहळू बदलला असेल, पण आम्हाला कळला तो एकदम. कोरडा, मोकळा, उंच. शेजारच्या लेनमधल्या प्रशिक्षकाने मान वळवून बघितलं. तिने बॅटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फिरवायला विसरली. यावेळी मी काही बोललो नाही.

२०० पूर्ण झाले. पहिल्या स्पर्धेत शनिवारी सकाळी ७ अंश होते, म्हणून ॲल्युमिनियमची वापरली. दुपारी ऊन पडलं, १७ पर्यंत गेलं, तेव्हा नवी काढली. पहिल्याच बॉलला शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावरून. दुसऱ्या वेळी तीन स्ट्राइकमध्ये बाद, तोही बघत उभी राहून, त्याला बॅट काय करणार.

आता दोन शंका. एक, बॅरलवर रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसताहेत. तडा आहे का? दोन, संघातल्या मुली "मला एकदा दे ना" म्हणून मागतात. हिला नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे एका बॅटीवर अख्खी गल्ली खेळली, मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

ता. क. एक कबुली. दुसऱ्या रविवारी ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी तीन बॉल मारले. स्वतःच वर उडवून. राहवलं नाही.

---

कॅचर_जळगाव

वाटलंच होतं मला.

रेघांवरून नख फिरवा, आडवं. नख अडकलं नाही तर रंगाच्या वरच्या थराची जाळी आहे, चालू द्या. अडकलं तर थांबा. मग दोन्ही हातांत धरून कानाशी हलवा, खुळखुळ नको. आणि नॉब जमिनीवर हळूच आपटून आवाज ऐका, फाटक्या ढोलकीसारखा आला तर सामन्यात नेऊ नका, पंच बॅटी तपासताना बाजूला काढतील. बिलाचा आणि नंबरच्या स्टिकरचा आजच फोटो काढून ठेवा, स्टिकर घामाने उडतो.

मागणाऱ्या मुलींचं सोपं आहे. ॲल्युमिनियमची बॅट पिशवीत वरच्या बाजूला ठेवायला सांगा, मागितली की ती द्यायची. आमच्याकडे तीच सगळ्यांची लाडकी झालीय. नवीवर मुलीने नाव घालावं, तुम्ही नव्हे.

आणि ते तीन फटके कुठल्या ठिपक्यावर मारलेत तेही सांगून टाका तिला. चमचमत्यावर मारले असतील तर मी मध्ये पडणार नाही.